हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक गेला तेव्हा: लास वेगास रेडर्स, २०२१

११ ऑक्टोबर २०२१ रोजी, सोमवारी संध्याकाळी, जॉन ग्रूडन यांनी लास वेगास रेडर्सच्या मुख्य प्रशिक्षकपदाचा राजीनामा दिला. हंगामाचे पाच सामने झाले होते, बारा उरले होते. पुढचा सामना रविवारी होता, तोही डेन्व्हरच्या मैदानावर.

अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, हंगाम चालू असताना प्रशिक्षक बदलणं नवं नाही. पण हा बदल सहसा हरणाऱ्या संघात होतो. संघ आधीच बुडालेला असतो, मालकाला चाहत्यांसमोर काहीतरी करून दाखवायचं असतं आणि उरलेले सामने कुणीतरी उरकायचे असतात. अशा वेळी निकाल सुधारले काय आणि बिघडले काय, प्रशिक्षकाचा वाटा नेमका किती ते सांगता येत नाही. रेडर्सची गोष्ट वेगळी होती. पाचपैकी तीन सामने त्यांनी जिंकले होते. ग्रूडन गेले ते मैदानावरच्या कामगिरीमुळे नव्हे, तर स्वतः लिहिलेल्या ईमेलमुळे. खेळाडू तेच राहिले, डावपेचांची वही तीच राहिली, सहायक प्रशिक्षकही तेच राहिले. बदलला तो फक्त सर्वांत वरचा माणूस. हंगामी प्रशिक्षक नेमकं काय करू शकतो आणि त्याच्या कामाचं मोल कसं ठरतं, हे पाहायला याहून चांगलं प्रकरण मला माहीत नाही.

ग्रूडन यांच्या हातात काय होतं

क्रिकेटमध्ये मैदानावरचे निर्णय कर्णधार घेतो, प्रशिक्षक बाहेर बसतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये हे उलटं आहे. प्रत्येक चाल सीमारेषेवरून ठरते आणि क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमणात चाल सुरू करून पास फेकणाऱ्या खेळाडूच्या, हेल्मेटमधल्या स्पीकरवर पोहोचते. संघाचे तीन भाग असतात: आक्रमण, बचाव आणि स्पेशल टीम्स. स्पेशल टीम्स म्हणजे किक मारणारे, ती अडवणारे आणि किकनंतर चेंडू घेऊन धावणारे. प्रत्येक भागाला एक समन्वयक असतो, त्याला को-ऑर्डिनेटर म्हणतात. या तिघांवर मुख्य प्रशिक्षक.

ग्रूडन यांच्याकडे याहूनही जास्त होतं. आक्रमणाच्या चाली ते स्वतः ठरवत. जानेवारी २०१८ मध्ये मालक मार्क डेव्हिस यांनी त्यांना दहा वर्षांचा, सुमारे १० कोटी डॉलरचा करार देऊन टीव्हीच्या समालोचनातून परत आणलं होतं. खेळाडू निवडण्यासाठी माइक मेयॉक हे जनरल मॅनेजर होते, पण शेवटचा शब्द ग्रूडन यांचाच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. १९९८ ते २००१ या काळात त्यांनी रेडर्सला प्रशिक्षण दिलं होतं. नंतर टँपा बेला जाऊन जानेवारी २००३ मध्ये त्यांनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, तोही रेडर्सलाच ४८-२१ असं हरवून. त्यामुळे त्यांचं परत येणं डेव्हिस घराण्यासाठी जुना हिशोब मिटवण्यासारखं होतं. परतल्यावरचे निकाल मात्र बेताचेच: २०१८ मध्ये ४ विजय, २०१९ मध्ये ७, २०२० मध्ये ८.

२०२१ ची सुरुवात जोरदार झाली. संघ २०२० मध्ये ओकलंडहून लास वेगासला आला होता, पण कोविडमुळे पहिलं वर्ष रिकाम्या स्टेडियममध्ये गेलं. भरलेल्या अ‍ॅलेजिअंट स्टेडियममधल्या पहिल्याच लढतीत रेडर्सनी बाल्टिमोर रेव्हन्सना जादा वेळेत ३३-२७ असं हरवलं. जादा वेळेत लमार जॅक्सनच्या हातून चेंडू सोडवला तो कार्ल नॅसिबने. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने आपण समलैंगिक असल्याचं जाहीर केलं होतं. एनएफएलमध्ये खेळत असताना हे सांगणारा तो पहिलाच खेळाडू. मग पिट्सबर्ग, मग मायामी, असे सलग तीन विजय. नंतर चार्जर्स आणि बेअर्सकडून दोन पराभव.

बेअर्सच्या सामन्याआधी दोन दिवस, ८ ऑक्टोबरला, वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी दिली. समालोचक असताना ग्रूडन यांनी २०११ मध्ये एक ईमेल लिहिली होती आणि तीत खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख डीमॉरिस स्मिथ यांच्याबद्दल वर्णद्वेषी भाषा वापरली होती. ही ईमेल सापडली ती वॉशिंग्टन संघातल्या गैरवर्तनाच्या चौकशीत गोळा केलेल्या लाखो ईमेलमध्ये. सोमवारी न्यूयॉर्क टाइम्सने आणखी ईमेल उघड केल्या. त्यांत समलैंगिकांबद्दल आणि स्त्रियांबद्दल हीन भाषा होती. ज्या ड्रेसिंग रूममध्ये नॅसिब बसत होता, त्या ड्रेसिंग रूमचा प्रमुख राहणं यानंतर शक्यच नव्हतं. ग्रूडन गेले. पुढच्याच महिन्यात त्यांनी, आपल्या ईमेल मुद्दाम फोडल्या असा आरोप करत, लीगवर नेवाडात खटला भरला. तो वाद स्वतंत्र आहे. संघापुरतं सत्य एवढंच होतं की सोमवारी रात्री त्याला प्रशिक्षक नव्हता.

निवड रिच बिसाचियांची

डेव्हिस आणि मेयॉक यांच्यासमोर पर्याय होते, आणि ते लक्षात घेतल्याशिवाय ही निवड कळत नाही. बचावाचे समन्वयक गस ब्रॅडली चार वर्षं जॅक्सनव्हिलचे मुख्य प्रशिक्षक होते. आक्रमक फळीतल्या धिप्पाड खेळाडूंना तयार करणारे टॉम केबल यांनी तर पूर्वी रेडर्सचंच मुख्य प्रशिक्षकपद सांभाळलं होतं. बचाव फळीचे रॉड मरिनेली डेट्रॉइटचे मुख्य प्रशिक्षक राहिले होते. अनुभवी माणसं घरातच होती. तरीही निवडले गेले स्पेशल टीम्सचे समन्वयक रिच बिसाचिया. वय ६१, आणि एनएफएलमध्ये मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव शून्य.

माझ्या मते हंगामातला सर्वांत शहाणा निर्णय हाच होता. ब्रॅडलींना वर नेलं असतं तर बचावाचं लक्ष विभागलं असतं. त्यांची पद्धत त्या वर्षी नवीन होती आणि ती नुकती कुठे रुळत होती. आक्रमणाचे समन्वयक ग्रेग ओल्सन यांना वर नेता येत नव्हतं, कारण ग्रूडन यांच्या जागी आक्रमणाच्या चाली आता त्यांनाच ठरवायच्या होत्या. सुदैवाने क्वार्टरबॅक डेरेक कार आणि ओल्सन यांची ओळख जुनी होती. २०१४ मध्ये, डेरेकच्या पहिल्या वर्षी, ओल्सनच रेडर्सचे आक्रमण समन्वयक होते. आणि स्पेशल टीम्सच्या प्रशिक्षकाकडे एक गोष्ट असते जी बाकी समन्वयकांकडे नसते. त्याचा संबंध सगळ्या संघाशी येतो. बचावातला राखीव खेळाडू असो की आक्रमणातला नवखा, किकच्या वेळी दोघेही त्याच्या हाताखाली धावतात. आक्रमणाचा प्रशिक्षक ज्याचं नावही क्वचित घेतो, त्या बावन्नाव्या-त्रेपन्नाव्या माणसाला तो नीट ओळखतो. संघाला त्या आठवड्यात नव्या कल्पनांची गरज नव्हती. सर्वांना ओळखणारा माणूस हवा होता.

डेन्व्हरमध्ये ३४-२४. बचावाने प्रतिस्पर्ध्याकडून चार वेळा चेंडू हिसकावला. ग्रूडन गेल्यानंतरचा पहिला टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की सहा गुण) ४८ यार्डांच्या लांब पासवर आला आणि तो झेलला हेन्री रग्जने. पुढच्या रविवारी फिलाडेल्फियाविरुद्ध डेरेकने ३४ पैकी ३१ पास पूर्ण केले, ३३-२२. पाच विजय, दोन पराभव, आणि समोर विश्रांतीचा आठवडा. इथेच गोष्ट संपली असती तर ‘नव्या प्रशिक्षकाने संघाला जाग आणली’ असं सांगून सगळे मोकळे झाले असते.

२ नोव्हेंबर

विश्रांतीच्या आठवड्यानंतरच्या मंगळवारी पहाटे हेन्री रग्जने लास वेगासच्या एका रस्त्यावर आपली गाडी दुसऱ्या गाडीवर आदळवली. आघाताआधी गाडीचा वेग ताशी १५६ मैल, म्हणजे २५० किलोमीटरपर्यंत गेला होता. रक्तातली दारू कायद्याच्या मर्यादेच्या दुप्पट होती. समोरच्या गाडीतली २३ वर्षांची तरुणी आणि तिचा कुत्रा आगीत गेले. रेडर्सनी त्याच दिवशी रग्जला संघातून काढलं. २०२३ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला तीन ते दहा वर्षांची शिक्षा झाली.

एका तरुणीचा जीव गेला त्या घटनेचा परिणाम गुणफलकावर मोजायचा, हे लिहितानाही जड जातं. पण त्या आठवड्यात बिसाचिया यांच्यासमोर दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. ड्रेसिंग रूममध्ये २२-२३ वर्षांची मुलं बसली होती. त्यांच्या मित्राला अटक झाली होती आणि त्याने कुणाचा तरी जीव घेतला होता. दुःख कुणासाठी करायचं आणि राग कुणाचा, हेही त्यांना कळत नव्हतं. आणि रविवारी न्यूयॉर्क जायंट्सच्या मैदानावर जाऊन खेळायचं होतं.

खेळाच्या दृष्टीनेही मोठी पोकळी झाली. रग्जने सात सामन्यांत २४ झेल घेऊन ४६९ यार्ड कमावले होते, म्हणजे एका झेलामागे जवळजवळ वीस. त्याच्या वेगाच्या धास्तीने प्रतिस्पर्ध्यांचे मागचे बचावपटू मागेच थांबायचे आणि मधल्या मोकळ्या जागेत हंटर रेनफ्रो आणि डॅरेन वॉलर यांना पास मिळायचे. आता ते बचावपटू बिनधास्त पुढे आले. पहिल्या सात सामन्यांत रेडर्स सरासरी जवळजवळ २६ गुण करत होते. पुढच्या सहांत ही सरासरी १७ वर आली. त्यातही डॅलसविरुद्धचा एक मोठा आकडा आहे, तो वगळला तर आणखी खाली.

जायंट्सकडून २३-१६. दुसऱ्याच दिवशी डेमन आर्नेट हा बचावपटूही संघाबाहेर गेला. हातात बंदूक घेऊन धमक्या देतानाचा त्याचा व्हिडिओ पसरला होता. रग्ज आणि आर्नेट दोघेही २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीत घेतलेले, अनुक्रमे १२ वे आणि १९ वे. लास वेगासमधल्या पहिल्या वर्षी संघाने ज्यांच्यावर सर्वांत मोठी गुंतवणूक केली ते दोघेही एका आठवड्यात गेले. मग कॅन्सस सिटी चीफ्सकडून ४१-१४, सिनसिनाटी बेंगल्सकडून ३२-१३. सलग तीन पराभव, पाच विजय, पाच पराभव.

थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी डॅलसमध्ये त्यांनी जादा वेळेत ३६-३३ असा सामना काढला. दोन्ही संघांवर मिळून २८ पेनल्टी पडल्या. देखणा खेळ तो नव्हताच, पण शेवटी डॅनियल कार्लसनची २९ यार्डांची किक खांबांमधून गेली. त्याच सामन्यात वॉलर जखमी झाला आणि पुढच्या पाच सामन्यांना मुकला. मग वॉशिंग्टनकडून १७-१५. मग कॅन्सस सिटी.

१२ डिसेंबरचा तो सामना सांगायलाच हवा. सामन्याआधी रेडर्सचे खेळाडू चीफ्सच्या मैदानाच्या मधोमध, त्यांच्या बोधचिन्हावर गोळा झाले. यजमानाला डिवचायचा हा प्रकार. सामन्याच्या पहिल्याच चालीवर जोश जेकब्सच्या हातून चेंडू सुटला आणि चीफ्सने तो उचलून टचडाउन केला. निकाल ४८-९. हंगामी प्रशिक्षकाच्या हातून संघ निसटतो तेव्हा तो असाच निसटतो: शिस्त आणि जोश यांतली रेषा पुसली जाते आणि ती परत आखायचा अधिकार त्या माणसाकडे आहे की नाही, याबद्दलच शंका असते. सहा विजय, सात पराभव. डिसेंबरचा मध्य. अशा जागी बहुतेक संघ पुढच्या वर्षाचा विचार करू लागतात.

चार सामने, बारा गुण

क्लीव्हलंडचा सामना शनिवारी होणार होता. तिथे कोविडची साथ उसळली, सामना सोमवारवर ढकलला गेला आणि तरीही ब्राउन्सना तिसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला उतरवावं लागलं. इतकं असूनही रेडर्स शेवटच्या मिनिटांत १३-१४ ने मागे होते. वेळ संपताना कार्लसनने ४८ यार्डांवरून किक मारली, १६-१४. मग डेन्व्हरवर १७-१३. मग इंडियानापोलिसमध्ये वेळ संपताना पुन्हा कार्लसन, ३३ यार्ड, २३-२०. या दोन सामन्यांच्या मधल्या आठवड्यात, २८ डिसेंबरला, जॉन मॅडन गेले. १९६९ ते १९७८ अशी दहा वर्षं त्यांनी रेडर्सला प्रशिक्षण दिलं होतं आणि पहिला सुपर बोलही मिळवून दिला होता.

कार्लसनबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण हंगामाची किल्ली तिथे आहे. २०१८ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्सनी त्याला ड्राफ्टमध्ये घेतलं. दुसऱ्याच सामन्यात ग्रीन बेमध्ये त्याच्या तीन किक चुकल्या, त्यांतल्या दोन जादा वेळेत. सामना २९-२९ असा बरोबरीत सुटला आणि त्याला लगेच काढून टाकण्यात आलं. त्या ऑक्टोबरमध्ये रेडर्सनी त्याला उचललं. तिथे स्पेशल टीम्सचे प्रशिक्षक होते बिसाचिया. तीन वर्षं त्यांनी हा किकर घडवला. २०२१ मध्ये कार्लसनने ४३ पैकी ४० फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून तीन गुण देणाऱ्या किक, मारले आणि १५० गुणांसह तो साऱ्या लीगमध्ये संयुक्तपणे अव्वल राहिला.

आता ९ जानेवारी २०२२, रविवारची रात्र. एनएफएलने त्या वर्षी पहिल्यांदाच १७ सामन्यांचा हंगाम ठेवला होता आणि हा त्यातला अगदी शेवटचा सामना: रेडर्स विरुद्ध लॉस एंजेलिस चार्जर्स. दोघांचेही नऊ विजय. दुपारी एक अघटित घडलं होतं. लीगमधल्या सर्वांत दुबळ्या जॅक्सनव्हिलने इंडियानापोलिसला २६-११ असं हरवलं होतं. जॅक्सनव्हिलनेही डिसेंबरमध्ये आपले मुख्य प्रशिक्षक अर्बन मायर यांना काढून हंगामी माणसाकडे संघ दिला होता. म्हणजे एका हंगामी प्रशिक्षकाने दुसऱ्यासाठी दार उघडलं. त्यामुळे गणित असं झालं: जो हरेल तो बाहेर, पण बरोबरी झाली तर रेडर्स आणि चार्जर्स दोघेही प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, आणि पिट्सबर्ग स्टीलर्स बाहेर.

चौथ्या सत्रात रेडर्स २९-१४ असे पुढे होते. अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. चौथा फसला की चेंडू गेला. चार्जर्सच्या जस्टिन हर्बर्टने त्या सत्रात चौथा प्रयत्न पुन्हा पुन्हा वाचवला. एकदा तर २१ यार्डांची गरज असताना त्याने थेट टचडाउनचा पास टाकला. वेळ शून्यावर आली त्याच क्षणी माइक विल्यम्सने टचडाउन झेलला. २९-२९. ज्या गुणांवर कार्लसनची मिनेसोटातली नोकरी गेली होती, नेमके तेच गुण.

जादा वेळेत कार्लसनने ४० यार्डांवरून तीन गुण केले, चार्जर्सने तीन गुणांनी उत्तर दिलं. ३२-३२. शेवटच्या काही मिनिटांत चेंडू रेडर्सकडे. घड्याळ चालू. दोन्ही संघांना बरोबरी चालणार होती आणि रेडर्स सावकाश, धावण्याच्या चाली खेळत होते. सामन्यानंतर बिसाचियांनी मान्य केलं की बरोबरीचा विचार सीमारेषेवर बोलला जात होता. ३८ सेकंद उरले असताना चार्जर्सचे प्रशिक्षक ब्रँडन स्टेली यांनी टाइमआउट घेतला. धावण्याची चाल अडवणारे योग्य खेळाडू मैदानावर आणण्यासाठी तो घेतला, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. पुढच्याच चालीत जेकब्स दहा यार्ड धावला. आता किक आवाक्यात होती. ४७ यार्ड, वेळ शून्य, कार्लसन. ३५-३२.

त्या टाइमआउटवर अमेरिकेत रान उठलं. माझ्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. बरोबरी झाली असती तर रेडर्स सातव्या क्रमांकावर जाऊन पुन्हा कॅन्सस सिटीला गेले असते. जिथून ४८-९ खाऊन आले होते तिथेच. जिंकल्यामुळे ते पाचवे ठरले आणि सिनसिनाटीशी गाठ पडली. किक मारायला पाठवणं धोक्याचं होतं: अडवली गेली आणि उलटा टचडाउन झाला तर सगळं संपलं. पण ज्याने त्या किकरला आणि त्याच्यासमोरच्या फळीला तीन वर्षं रोज पाहिलं होतं, त्याला तो धोका किती हे कुठल्याही माणसापेक्षा जास्त ठाऊक होतं.

सिनसिनाटीत १५ जानेवारीला २६-१९ असा पराभव झाला. शेवटच्या अर्ध्या मिनिटात रेडर्स टचडाउनच्या रेषेपासून ९ यार्डांवर होते; पहिला प्रयत्न त्यांनी घड्याळ थांबवण्यासाठी चेंडू जमिनीवर आपटून घालवला आणि चौथ्या प्रयत्नाचा पास जर्मेन प्रॅटने अडवला. तो एक प्रयत्न हातचा गेला, ही चूक बिसाचियांच्या खात्यात मांडायलाच हवी.

मग निर्णय

१७ जानेवारीला मेयॉक यांना काढण्यात आलं. डेरेक आणि बचावपटू मॅक्स क्रॉसबी यांनी बिसाचियांनाच कायम करावं असं उघडपणे सांगितलं होतं. डेव्हिस यांनी त्यांची मुलाखत घेतली, पण महिनाअखेर निवडलं न्यू इंग्लंडचे आक्रमण समन्वयक जोश मॅकडॅनियल्स यांना. बिसाचिया ग्रीन बेला स्पेशल टीम्सचे समन्वयक म्हणून गेले.

डेव्हिस यांच्या बाजूने एक आकडा होता आणि तो सोपा नव्हता. संघाने हंगामात ३७४ गुण केले आणि ४३९ दिले. दहा सामने जिंकूनही ६५ गुणांनी उणे. असा संघ पुढच्या वर्षी घसरतो, हे आकडे पाहणारा कुणीही सांगेल. आठ किंवा कमी गुणांच्या फरकाने सुटलेल्या नऊपैकी सात सामने त्यांनी जिंकले होते, आणि तसं दरवर्षी जमत नाही. त्यांतले दोन विजय ग्रूडन असतानाचे होते, म्हणजे ही सवय बिसाचियांनीच लावली असंही म्हणता येत नाही.

पण तोच आकडा जरा फोडून पाहा. चीफ्सविरुद्धचे दोन सामने रेडर्स एकूण ६६ गुणांनी हरले. बाकी पंधरा सामन्यांत ते एका गुणाने अधिक होते. म्हणजे हा संघ दोन दिवस पूर्ण कोसळला आणि उरलेल्या दिवशी बरोबरीचा राहिला. ग्रूडन, रग्ज आणि आर्नेट यांच्यानंतर, आणि डिसेंबरभर वॉलरशिवाय.

आणि बिसाचियांच्या सात विजयांपैकी चार कार्लसनच्या शेवटच्या किकवर आले: डॅलस, क्लीव्हलंड, इंडियानापोलिस, चार्जर्स. कोणी याला नशीब म्हणेल. ४७ आणि ४८ यार्डांवरून, वेळ संपत असताना मारलेल्या किकला नशीब म्हणायला मी तयार नाही. चेंडू मागे फेकणारा, तो धरणारा, मारणारा आणि पुढची फळी, हे सगळं ज्या खात्यात घडतं ते खातं बिसाचियांचं होतं. हंगामी प्रशिक्षक म्हणून त्यांनी नवं काही उभारलं नाही. ओल्सनना आक्रमण दिलं, ब्रॅडलींना बचाव दिला आणि स्वतःला जे येत होतं ते अटीतटीच्या सामन्यांपर्यंत नेलं. मुलाखतीत मॅकडॅनियल्सकडे दाखवायला आक्रमणाची मोठी योजना होती. बिसाचियांकडे दाखवायला बारा सामने होते.

२०२२ मध्ये रेडर्सनी डेरेकचा कॉलेजातला जोडीदार डव्हांटे अ‍ॅडम्सला आणलं. गुणांचा फरक उणे ६५ वरून उणे २३ वर आला, म्हणजे कागदावर संघ सुधारला. विजय मात्र दहावरून सहावर आले. आठ किंवा कमी गुणांनी सुटलेल्या तेरा सामन्यांपैकी नऊ हरले. डिसेंबरअखेर डेरेकला बाहेर बसवलं गेलं, फेब्रुवारीत सोडून देण्यात आलं. यातला काही भाग आकड्यांनी आधीच सांगितलेली घसरण आहे, आणि ती बिसाचिया असतानाही थोडीफार आलीच असती. पण नऊ पराभव सगळे त्या एका कारणात बसत नाहीत. मॅकडॅनियल्स यांना डेन्व्हरनेही २०१० मध्ये हंगामाच्या मध्यातच काढलं होतं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रेडर्सनी तेच केलं.

त्यानंतर लाइनबॅकर्सचे, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीचे, प्रशिक्षक अँटोनिओ पिअर्स हंगामी झाले, नऊपैकी पाच सामने जिंकले आणि खेळाडूंनी पुन्हा उघड मागणी केली. या वेळी डेव्हिस यांनी ती मानली. पुढच्या वर्षी रेडर्स ४-१३ असे संपले आणि पिअर्स गेले. या दोन निर्णयांकडे बोट दाखवून काही जण म्हणतात की हंगामी माणसाला कायम करू नये हेच खरं. मला ते पटत नाही. दोन्ही वेळा मालकाने एकच गोष्ट तोलली: खेळाडूंना हा माणूस किती हवा आहे. एकदा तिला कमी वजन दिलं, एकदा जास्त. ज्याला आपण बारा किंवा नऊ सामने रोज काम करताना पाहिलं, त्याच्या हाताखाली संघाचा कुठला भाग सुधारला आणि कुठला ढासळला, ही नोंद डेव्हिस यांच्याकडे दोन्ही जानेवारींत होती. २०२२ च्या जानेवारीतल्या नोंदीत ४३ पैकी ४० असा एक आकडा होता.